हिरड्यांची कड

ब्रश करताना रक्त आलं की बहुतेक माणसं एकच करतात: तेवढी जागा सोडून बाकीचं घासतात. दुखतंय म्हणजे लागलंय, लागलंय म्हणजे हात लावायचा नाही, असा सरळ हिशोब. माझ्या बाबांनी खालची उजवी बाजू अशीच सोडून दिली होती. त्यांचे हात थरथरायला लागले आणि रात्री दात घासून देण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला ते कळलं. टॉर्च मारून पाहिलं तर डावीकडच्या हिरड्या फिकट गुलाबी, दातांना घट्ट धरून बसलेल्या. उजवीकडच्या लाल, सुजून चकाकणाऱ्या, आणि दात जिथे हिरडीत शिरतो त्या रेषेवर पिवळट मऊ थर. एकाच तोंडात दोन माणसं राहत असावीत इतका फरक.

"तिथे नको, रक्त येतं," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "तिथे घासलं जात नाही, म्हणून रक्त येतं." बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, कारण पटल्याशिवाय ते कुठल्याच गोष्टीला हात लावू देत नाहीत, स्वतःच्या तोंडाला तर नाहीच. मग कारण शोधून सांगणं आलं.

तो मऊ थर म्हणजे जंतूंचा चिकट पापुद्रा. डेंटिस्ट त्याला प्लाक म्हणतात. स्वतः सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लिव्हेनहुक नावाच्या डच माणसाने १६८३ साली स्वतःच्या दातांच्या फटीतला असाच पांढरा थर खरवडून भिंगाखाली ठेवला, तर त्यात जिवंत हलणारे जीव दिसले, आणि त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रातून कळवलं. मला त्या पत्रातली दुसरीच गोष्ट आवडते. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासायचा, टोकरायचा, फडक्याने पुसायचा, आणि तरीही फटीत थर उरलेलाच. बाबांना भिंगाची गोष्ट पटली, साहजिकच.

त्याहून जास्त पटला तो १९६५चा प्रयोग. डेन्मार्कमध्ये हेराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट साफसफाई सुरू केली, तर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. म्हणजे हिरडीची सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते आणि तिचं औषध ब्रशच आहे. पुढची पायरी मात्र परतीची नाही. सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काही जणांत ती हिरडीखाली खोलवर पोचते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

बाबांची उजवी बाजू पहिल्याच पायरीवर होती. सुरुवातीला थुंकीत रोज लाल दिसायचं, ते हळूहळू कमी झालं आणि दोनेक आठवड्यांत थांबलं. काही जादू केली नाही. फक्त घासायची जागा बदलली.

बहुतेक लोक दात घासतात, म्हणजे दाताचा मधला फुगीर भाग घासतात. तो तसाही जीभ आणि गाल लागून बराचसा साफ राहतो. घासायची असते ती कड. ब्रशचे केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, असे की अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर येतील. मग जागच्या जागी अगदी बारीक थरथरवायचं. दोन-तीन दातांवर आठ-दहा वेळा, मग पुढे सरकायचं. ब्रश मुठीत धरला की जोर येतो. पेनासारखा बोटांत धरला की येत नाही. केस बाहेर फाकत असतील तर दाब जास्त आहे. ब्रश 'सॉफ्ट' लिहिलेलाच घ्यायचा. कडक ब्रशने करकरून घासलं की हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमलचं कठीण कवच नसल्यामुळे गार पाणी लागलं की शिवशिवतं.

दुसऱ्याचं तोंड साफ करताना समोर उभं राहू नये. मी खुर्चीच्या मागे उभी राहते, बाबांचं डोकं माझ्या अंगाला टेकवते आणि डाव्या हाताने गाल हलकेच बाजूला धरते. त्यामुळे खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू थेट वरून दिसते. ही जागा म्हणजे कीटणाचं, म्हणजे कडक झालेल्या थराचं, माहेरघर. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, आणि लाळेतल्या क्षारांनीच तर मऊ थर कडक होतो. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. स्वतःचा ब्रश करताना या दोन्ही ठिकाणी हात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळ पोचतो. म्हणून आम्ही सुरुवातच तिथून करतो.

दोन मिनिटं घड्याळ लावून. बाबांचं घड्याळ, अर्थात.

राहिल्या दातांमधल्या फटी. तिथे ब्रश पोचतच नाही, कितीही महागाचा असो. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस: हातभर दोरा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन-तीन सेंटीमीटर ताणलेला ठेवायचा, आणि पुढे-मागे करत हळू आत उतरवायचा. झटक्यात खाली ओढला तर हिरडी कापते. आत गेल्यावर तो एका दाताला कवटाळून हिरडीच्या जरा आत न्यायचा, वर-खाली पुसायचं, मग शेजारच्या दाताला कवटाळायचं. फट मोठी असेल, जशी वयाने हिरडी मागे गेल्यावर होते, तिथे फटीतले छोटे ब्रश जास्त चांगले. ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. हलकासा अडत आत जाणारा आकार बरोबर. ढकलावा लागला तर मोठा, सहज फिरला तर लहान. बाबांना दोन मापं लागतात, आणि कुठलं कुठे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

टूथपेस्टबद्दल माझं मत थोडक्यात: फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) ते बघा, मोठ्यांसाठी १००० ते १५०० असावं, बाकी चव आणि जाहिरात. रात्री घासल्यावर फेस थुंकायचा आणि खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. हे बाबांना अजून पटलेलं नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितले तेवढेच दिवस. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बिघडते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सुजेला आराम पडतो, पण चिकटलेला थर गुळणीने निघत नाही.

आणि कडक झालेलं कीटण घरी निघत नाही, हे पक्कं. सुई, चाकूचं टोक, ऑनलाइन मिळणारे आकडे, यातलं काहीही तोंडात घालू नका. डेंटिस्टकडे स्केलिंग करून घ्यायचं. "स्केलिंगने दात हलायला लागतात" हे मी इतक्यांकडून ऐकलंय की वाद घालणं सोडलंय. कीटण फटीत ठासून बसलेलं असतं, ते निघालं की फट मोकळी लागते आणि सूज उतरल्यावर ती आणखी दिसते. जे हाड गेलं ते आधीच गेलेलं असतं.

काही गोष्टी घासण्याच्या पलीकडच्या आहेत. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं आणि माणूस गाफील राहतो. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणंही अवघड जातं. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या जाड होतात, आणि कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं; गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना तसं सांगायचं. नीट साफसफाई करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, दात हलतोय, दाबल्यावर पू येतोय, तोंडाचा वास जातच नाहीये, तर वाट बघू नये. डेंटिस्ट बारीक खुणांची सळई हिरडीत घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ आणि त्यापुढे गेली की तिथे घरचा ब्रश पुरत नाही.

सध्या आमच्याकडे बॅटरीचा ब्रश आलाय. त्याची मूठ जाड असल्यामुळे बाबांच्या हातात बसते आणि थरथरायचं काम ब्रशच करतो. बाहेरची बाजू ते स्वतः करतात, आतली मी. ब्रशचं डोकं तीन-चार महिन्यांनी बदलायचं असतं, पण बाबा केस फाकलेत का ते भिंगातून बघूनच ठरवतात.