चिपळूणच्या सातबाऱ्यात गुहागर

सोमवारी सकाळी सव्वानऊला चिपळूणहून रेडिओलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. "गुहागरचे एक्स-रे उघडत नाहीयेत. बाकी सगळ्या केंद्रांचे दिसतायत. तिकडे एक आजी पडल्यात, खुब्याचं हाड आहे. लवकर बघा."

एका धर्मादाय संस्थेच्या दवाखान्यांचं नेटवर्क मी पुण्यातून सांभाळतो. सतरा केंद्रं, सगळी एकाच खाजगी नेटवर्कवर. एक्स-रे जिथे काढला तिथल्याच सर्व्हरवर राहतो, मॅडम चिपळुणात बसून तो उघडतात आणि रिपोर्ट देतात. मी गुहागरचा सर्व्हर पिंग केला, म्हणजे नेटवर्कवरून त्याला हाक देऊन पाहिली, चालू. रत्नागिरीतून केला, तरी चालू. गुहागरच्या टेक्निशियन ताई म्हणाल्या, "सर, आमच्याकडे काहीच बंद नाही." गुहागर दिसत नव्हतं ते फक्त चिपळूणला.

आधी आजी. ताईंना फोटो रत्नागिरीच्या सर्व्हरवर पाठवायला सांगितला, मॅडमनी तो तिथून उघडला आणि रिपोर्ट गेला. मग मी मॅडमच्या पीसीवर रिमोटने शिरलो.

पिंगला उत्तर आलं, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. उत्तर देणारा पत्ता होता १०.४०.४८.२५, म्हणजे मॅडमचाच पीसी. डेटाचं पॅकेट बाहेरची वाट दाखवणाऱ्या राउटरपर्यंत पोचलंच नव्हतं, पीसीनेच हात वर केले होते. खाली सबनेट मास्क पाहिला, म्हणजे कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे पीसीला सांगणारा आकडा. तो होता २५५.२५५.२४०.०, आणि सगळा उलगडा झाला.

आमच्या संस्थेच्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांच्यात १० ने सुरू होणारा खाजगी पट्टा वाटलेला आहे. दवाखान्यांच्या वाट्याला १०.४०.०.०/१६ आला, म्हणजे ६५,५३६ पत्ते. स्लॅशपुढचा आकडा जितका मोठा, तितका तुकडा लहान. तेव्हा केंद्रं होती नऊ. पत्ते खाजगी, पैसे पडत नाहीत, म्हणून प्रत्येक केंद्राला सढळ हाताने स्लॅश वीस दिला गेला. एका स्लॅश वीसमध्ये ४,०९६ पत्ते, त्याचाच मास्क २५५.२५५.२४०.०. वापर कुठेच दोनशेच्या वर नव्हता, पण असे तुकडे सोळाच पडतात. सतरावं केंद्र गुहागरचं. उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं, तेव्हा चिपळूणच्या रिकाम्या जागेतून १०.४०.६०.०/२४ काढून मीच दिला होता. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लहान तुकड्याचा, मार्ग निवडतो, त्यामुळे सगळीकडून गुहागर सापडायचं.

चिपळूणच्या पीसींना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मास्कप्रमाणे १०.४०.४८ पासून १०.४०.६३ पर्यंतचे सगळे एकाच घरातले. घरातल्याकडे जायला कुणी राउटर विचारत नाही. पीसी आपल्याच दवाखान्यात हाक मारत होता, "१०.४०.६०.१० कोण आहे?" आणि गुहागरचा सर्व्हर तिथून कितीतरी मैल लांब. जमीन गुहागरला दिली होती, सातबारा चिपळूणच्या नावावर तसाच होता.

मग इतके महिने चाललं कसं? शनिवारी संध्याकाळी चिपळूणचा जुना राउटर बदलला होता. जुन्यात प्रॉक्सी एआरपी चालू होतं. अशा हाकेला राउटरच "मी आहे" म्हणून ओ द्यायचा आणि पॅकेट पुढे पोचवायचा. नव्यात ते बंद. माझी चूक त्या एका सेटिंगने झाकून ठेवली होती, आणि झाकलेली चूक दवाखान्यात फार वाईट. ती आपली वेळ बघून बाहेर येत नाही, पेशंट टेबलावर असताना येते.

नव्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी तात्पुरतं चालू केलं आणि दुपारी आखणी करायला बसलो. सोबतचा मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, "दादा, छोट्या केंद्रात बारा उपकरणं आहेत, स्लॅश सत्तावीस पुरेल, तीस पत्ते मिळतात." हिशोब बरोबर होता, तरी मी नको म्हटलं. उद्या सोळा कॅमेरे बसले, हजेरीचं यंत्र आलं, दोन प्रिंटर वाढले की तीस संपले. शिवाय रात्री दोनला लॉग, म्हणजे नेटवर्कच्या नोंदी, वाचताना पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यावरून केंद्र ओळखता आलं पाहिजे. प्रत्येकाला स्लॅश चोवीस, २५४ उपकरणांपुरता. तोही सम आकड्यापासून, आणि पुढचा विषम तुकडा मोकळा. एखादं केंद्र वाढलं तर ४८ आणि ४९ जोडून स्लॅश तेवीस होतो. ४७ आणि ४८ ची जोडी जमत नाही, स्लॅश तेवीस सम आकड्यावरच सुरू होतो. या हिशोबाने त्याच पट्ट्यात १२८ केंद्रं मावतात.

नशीब एवढं, की सगळीकडची उपकरणं आपापल्या तुकड्याच्या पहिल्या स्लॅश चोवीसमध्येच होती. एकाचाही पत्ता बदलावा लागला नाही, फक्त मास्क. पीसींचं डीएचसीपीवरून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेवरून, झालं. प्रिंटर, कॅमेरे, सर्व्हर हाताने, एकेक करून. चिपळूणच्या एक्स-रे यंत्राची सेटिंग कंपनीच्या पासवर्डमागे होती. त्या यंत्राचं गुहागरशी थेट काम नसतं, तरी चुकीचा मास्क मागे ठेवायचा नव्हता. इंजिनिअर गुरुवारी आला.

चार वाजता मी प्रॉक्सी एआरपी बंद केलं आणि मॅडमना फोन लावला. "गुहागरचा कुठलाही एक उघडून बघा." फोनवर माउसचे दोन टिचके ऐकू आले. "आला," त्या म्हणाल्या. मी पुढचं केंद्र उघडलं, दापोली.