तुम्ही विचारलंत म्हणून: बॉल तोच, मग आज वळत का नाही?

डेट्रॉइटच्या आसपास राहायला आलेला मराठी माणूस दोन-तीन हिवाळ्यांत कुणाच्या तरी आग्रहाने बॉलिंगच्या, म्हणजे जड बॉल गडगडवून दहा पिना पाडायच्या खेळाच्या, लीगमध्ये ओढला जातोच. पहिलं वर्ष सेंटरच्या रॅकवरचा बॉल घेऊन जातं. दुसऱ्या वर्षी तो प्रो शॉपमध्ये बोटांच्या मापाने भोकं पाडून स्वतःचा बॉल घेतो, आणि मग मला विचारतो, "मागच्या आठवड्यात त्या दुसऱ्या सेंटरला काय मस्त वळत होता! आज नुसता सरळ जातोय. बॉल खराब निघाला का?"

बॉल बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बदललेलं असतं ते लेनवरचं, म्हणजे बॉल ज्या पट्टीवरून जातो तिच्यावरचं, तेल. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बिचाऱ्या बॉलवर आळ येतो.

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट. रुंदीत 39 बोर्ड, म्हणजे उभ्या फळ्या, एकेक जेमतेम इंचाहून थोडा मोठा. आता बहुतेक ठिकाणी लेन सिंथेटिक असते, तरी मोजायची रीत लाकडी फळ्यांचीच राहिली आहे. यातल्या साधारण पहिल्या 40 फुटांवर मशीन तेलाचा थर देतं, पुढचा भाग कोरडा. मुळात हे तेल लाकूड झिजू नये म्हणून लावायचे. आज सगळा खेळच त्यावर उभा आहे, आणि तरी एका लेनला लागतं किती, तर पंचवीसेक मिलिलिटर.

बॉल हातातून सुटतो तेव्हा घसरत जातो. तो फिरत असतो तिरका, पण तेलावर त्या फिरकीला पकड मिळत नाही. तेल संपलं की पकड मिळते आणि तो वळतो. फिरकी आणि वेग जुळले की वळणं थांबतं आणि उरलेलं अंतर तो नुसता गडगडत जातो. घसरणं, वळणं, गडगडणं या तिन्हींची वाटणी कशी होते, यावर पिना पडतात की नाही ते ठरतं. तेल जास्त असेल तर वळायच्या आत लेन संपते. आणि तेल कमी असेल तर? जास्त वळेल, असंच सगळे म्हणतात. वळतो, पण फार लवकर. पिनांपाशी पोचेपर्यंत त्याची सगळी फिरकी खर्च झालेली असते. पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या पिनेच्या बाजूच्या फटीत, बरोबर जाऊनही कोपऱ्यातली 10 नंबरची पिन हलत नाही, ती अशा वेळी.

कॅरमवर मधोमध भरपूर पावडर टाकली आणि कडेला बोर्ड कोराच ठेवला, तर स्ट्रायकर कसा दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागेल? रोजच्या लीगमध्ये लेन तशीच असते. तिला हाउस शॉट म्हणतात: मध्ये तेल दाट, दोन्ही कडांना अगदी पातळ. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकड मिळून परत येतो; आत गेला तर तेल त्याला धरून ठेवतं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या चुका लेनच सावरून घेते. आपल्या 190च्या सरासरीत तिचा वाटा किती, हे स्पोर्ट पॅटर्नवर, म्हणजे स्पर्धांसाठी तेल पसरायच्या अवघड पद्धतीवर, गेल्यावर कळतं. तिथे तेल आडवं बरंच सारखं पसरलेलं असतं. दोन बोर्डांची चूकही तिथे अंगाशी येते आणि सरासरी वीस-पंचवीस पिनांनी सहज उतरते. बॉलिंगच्या यूएस ओपनला चांगले चांगले खेळाडू चाचपडताना दिसतात ते याच कारणाने.

आता बॉलकडे या. दुकानात तुम्हाला आतल्या कोअरबद्दल पुष्कळ ऐकवतील. कोअरला महत्त्व आहेच, पण माझ्या मते पहिला मान बाहेरच्या कवचाचा. प्लॅस्टिकचा बॉल तेल असो-नसो, जवळजवळ सरळ जातो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं. त्याचं वळण लवकर सुरू होतं, पण संथ आणि भरवशाचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनने खेळच पालटला. त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल शोषून घेतात.

बॉल परत आला की उचलायची घाई करू नका. त्यावर तेलाची वर्तुळं दिसतील: एकाशेजारी एक, दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारी, मधल्या भागात फाकलेली. बॉल लेनवरून जाताना त्याचा फिरण्याचा अक्ष सरकत जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला कवचाचा थोडा नवा, कोरडा पट्टा लेनला लागतो. वर्तुळं एकावर एक चढलेली असतील तर बॉल तेलावर तेलच घासत गेला. दर वेळी ती कोरड्या कपड्याने पुसून काढा. यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या बॉलिंगच्या नियामक संस्थेने, अधिकृत सामन्यांत द्रव क्लीनरवर बंधनं घातली आहेत, त्यामुळे क्लीनरची बाटली खेळ संपल्यावरच उघडायची.

कवचाची घासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. 1000 ग्रिटच्या (आकडा मोठा तशी घासणी बारीक) ओल्या पॅडने घासलेला बॉल मंद दिसतो, दाट तेलातही लवकर पकड घेतो. तोच 4000ने घासून वर पॉलिश केला की आणखी पुढे घसरतो आणि शेवटी झटक्यात वळतो. नवा बॉल घेण्याआधी दहा-बारा डॉलरचे पॅड घ्या, असं मी सांगतो, आणि कुणी ऐकत नाही. पन्नास-साठ गेमनंतर मुरलेलं तेल काढून घ्यावं लागतं, तेही कुणी करत नाही, आणि मग बॉल "म्हातारा" होतो.

आणखी एक गंमत. पहिल्या गेमची लेन तिसऱ्या गेमला राहत नाही. सगळ्यांचे रिअ‍ॅक्टिव्ह बॉल एकाच वाटेवरून तेल उचलत जातात आणि ती वाट कोरडी पडते. पहिल्या गेमला पॉकेटमध्ये बसणारा बॉल दुसऱ्याच्या मध्यावर नाकावर, म्हणजे थेट पहिल्या पिनेच्या तोंडावर, आपटायला लागतो. अशा वेळी हात बदलू नका, पाय बदला: उजव्या हाताने खेळत असाल तर पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. शेजारच्या दोन लेनही जुळ्या नसतात, तेव्हा दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

पॅटर्नची लांबी, म्हणजे तेल किती फुटांपर्यंत आहे ते, कळली तर तिच्यातून 31 वजा करा. 40 फुटांचा असेल तर तेल संपतं तिथे बॉल कडेपासून नवव्या बोर्डाच्या आसपास हवा. हा ठोकताळा आहे, पण सुरुवातीला पुरतो.

राहिला खरेदीचा प्रश्न. सगळ्यांत जास्त वळणारा बॉल घेऊ नका. आपल्या हाउस शॉटवर तो बहुधा लवकर दमतो. मध्यम ताकदीचा एक रिअ‍ॅक्टिव्ह घ्या, आणि स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला, एक प्लॅस्टिकचा. कोपऱ्यातली एकटी पिन पाडताना तेलाचा विचारच करावा लागू नये, म्हणून तो दुसरा.