मालक एक, सांभाळणारं दुसरंच

दवाखान्यात जनावर घेऊन येणारा आणि घरी त्याला सांभाळणारा, ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं असतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर ज्याच्या नावावर, तो खोड्याजवळ दावं धरून उभा असतो. रवंथ करते का? "करत असन जी." शेण कसं पडतं? "बराबरच असन." दोनदा 'असन' ऐकलं की मी सरळ विचारते, "गोठ्यात कोण राहते?" मग भाऊ खिशातून मोबाईल काढून घरी फोन लावतात. खरी तपासणी तिथून सुरू होते.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वी-आष्टीकडच्या गावांमध्ये पशुवैद्य आहे. हा गवळाऊचा पट्टा. पांढरी, अंगानं सडपातळ, चालायला चपळ गाय. अशीच एक गाय गेल्या उन्हाळ्यात बघायला गेले होते. चारा कमी केलेला, दूध आटलेलं, अंगात थोडा ताप. मालकाच्या मते अपचन, त्यामुळे तेल-हिंग पाजून झालं होतं. त्यांची आई दाराशी तुरी निवडत बसली होती. तिला विचारलं तर हात न थांबवता म्हणाली, "नाल्यात उतराले मांगत नाई ते. चढाले काई नाई वाटत, उतारावरच अडते. अन् बसतानी कन्हते."

हे ऐकून माझे कान टवकारले. मान जिथे पाठीला मिळते तिथली कातडी मी दोन्ही हातांनी चिमटीत घेऊन दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली लववते. हिनं पाठ ताठच ठेवली आणि बारीक कण्हली. पुढचे कोपरे अंगापासून फाकवून उभी होती, तेही मग नीट दिसलं.

गायीच्या पोटात तार गेली होती. गाय चारा चावून-निवडून खात नाही, जिभेनं ओढते आणि गिळते. कुटारात तारेचा तुकडा असला तर तोही जातो आणि जड असल्यामुळे गायीच्या चार कप्प्यांपैकी जाळीच्या पोटात जाऊन बसतो. त्या पोटापुढे पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज, म्हणजे हृदय. उतारावर पोटाचा सगळा भार पुढे येतो, टोक रुततं. म्हणून उताराचं भेव. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांच्या त्रासानं हल्ली आमच्याकडे वावरावावराला तार लागली आहे. तिचे तुकडे कुठं कुठं पडतात याचा हिशेब कोण ठेवतो?

चुंबक गिळवलं, इंजेक्शनं सुरू केली, पुढचे पाय उंचावर राहतील अशी जागा करायला सांगितली. आजीनं नातवाकडून मुरमाची पाटी-पाटी टाकून घेतली. आठवडाभरात गाय कडब्याला लागली. तार काळजापर्यंत पोचली असती तर गळ्याखाली पाणी उतरलं असतं, मानेची शीर फुगली असती, आणि मग माझ्या हातात फार काही उरलं नसतं.

जीव लावणं म्हणजे काय, हे मला या कामात असं दिसतं. लाड नव्हे, रोजची नजर. ओली नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागले, हे माझ्या थर्मामीटरच्या आधी गोठा झाडणारीला कळतं. शिवाय तिचा हात मोरकीवर असला की जनावर निवांत उभं राहतं. घाबरलेल्या जनावराची नाडी वाढते, मग माझे आकडे मलाच खोटे वाटायला लागतात. पान्ह्याचंही तसंच. अनोळखी माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते. तो हट्ट नाही, भीतीनं दूध खरोखरच उतरत नाही.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस आम्ही गायी-बैलांना टोचत गावोगाव फिरलो. पण ज्याला आजार झालाच, त्या विषाणूवर नेमकं औषध नव्हतं. ताप उतरवा, जखमा धुवा, माश्या बसू देऊ नका आणि पोटात काही जाऊ द्या. शेवटचं काम औषधाच्या पेटीतून होत नाही. एक बैल गव्हाणीकडे बघायला तयार नव्हता. म्हाताऱ्याच्या हातची ज्वारीची भाकर मात्र चतकोर-चतकोर करून घ्यायचा. म्हाताऱ्यानं पंधरवडाभर दुसरं काहीच केलं नाही, सुनेनं बोलणी खाल्ली ती वेगळीच. बैल पुढे नांगराला चालला.

मायेचा त्रासही होतो, ते सांगितलंच पाहिजे. जनावर खात नाही हे बघवत नाही म्हणून जीभ ओढतात, मान वर करतात आणि बाटलीभर काढा ओततात. तो फुफ्फुसात गेला की साधं अपचन असलेलं जनावर न्यूमोनियानं जातं. यावर मी घरोघरी भांडते. "म्याडम, उपाशी कसं ठेवाव जी?" या प्रश्नाला माझ्याकडे त्यांचं समाधान होईल असं उत्तर नाही.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी होते. लोणी-हळदीनं खांदे चोळतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. माझ्या दृष्टीनं ती वर्षातली उत्तम तपासणीही आहे. जुवानं आलेली खांदेसूज त्या सांजेला हाताला लागते, आणि पोळा सरला की दवाखान्यात खांद्याचे बैल दिसायला लागतात.

आमच्या नोंदवहीत मालकाचं नाव, गाव, बिल्ला नंबर, लक्षणं, औषध असे रकाने आहेत. सांभाळणाऱ्याचा रकाना नाही. म्हणून मी समासात पेन्सिलीनं लिहिते: 'धार सासू काढते', 'चारायला नातू नेतो', 'मालक पुण्याला असतो'. मागच्या तपासणीला साहेबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. "शाईनं लिहू नका फक्त," म्हणाले, आणि सही करून पान उलटलं.