गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पहिला गोचीड कुत्र्यावर नाही, भिंतीवर दिसला. स्विचबोर्डच्या वर, छताच्या दिशेने सावकाश चढणारा करडा, फुगीर दाणा. बरेच जण त्याला ढेकूण समजतात किंवा बागेतून आलेला किडा समजून झाडून टाकतात. ती अंडी घालायला जागा शोधत निघालेली, रक्त पिऊन टम्म झालेली मादी असते. दिसायला अगदी एरंडाच्या बीसारखी. लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड आणि एरंडाचं शास्त्रीय नावही तेच, हे साम्य उगाच नाही.

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर जो सापडतो तो बहुतेक वेळा एकच, तपकिरी रंगाचा रिपिसेफॅलस सँग्विनिअस. घरात राहणं याला गवतात राहण्याइतकंच मानवतं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. ते कुत्र्यावर चढतं, चार-पाच दिवस रक्त पितं आणि गळून पडतं. फटीत जाऊन कात टाकतं, आठ पायांचं होतं, तिळाएवढं. पुन्हा चढतं, पुन्हा गळतं. मग मोठा गोचीड होऊन तिसऱ्यांदा चढतो. मादी आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस चिकटून राहते आणि गळून पडल्यावर फटीत एका खेपेला हजारापासून चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. उन्हाळ्यात हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतं आणि मोठा गोचीड अन्नाशिवाय वर्षभरही टिकतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कुत्र्यावर दिसतात ते वस्तीतले थोडेच असतात. बाकीचे खिडकीच्या चौकटीमागे, फरशीच्या कडेच्या पट्टीखाली, सोफ्याच्या शिवणीत, कुंड्यांच्या तळाशी. ‘काल सगळे काढले, आज पुन्हा वीस’ ही तक्रार इथूनच येते. मी सुरुवातीलाच कॅलेंडरवर तीन महिने आखून घेतले.

आमचा देशी कुत्रा 22 किलोचा, घर तळमजल्यावरचं, मागे छोटं अंगण. गोचीड आले ते बहुधा आठ दिवस त्याला बाहेर ठेवलं होतं तिथून. पण एखादी भरलेली मादी अंगणातून आली तरी पुरते.

आधी हाताने काढण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. लागतं ते एवढंच: बारीक, सरळ टोकाचा चिमटा, मोबाइलचा टॉर्च, हातमोजे, झाकणाच्या बाटलीत दोन बोटं स्पिरिट आणि पोविडोन आयोडीन. भुवया कोरायचा तिरप्या टोकाचा चिमटा नको. त्याने गोचिडाचं तोंड सोडून पोट दाबलं जातं. दुसऱ्या कुणीतरी कुत्र्याला कुशीवर झोपवून ताटलीला फासलेलं दही चाटायला द्यावं. वीस मिनिटांपुरती शांतता मिळते, त्याहून जास्त मागू नये.

केस उलट्या दिशेने बाजूला केले की गोचीड डोकं खाली, पोट वर असा तिरका रोवलेला दिसतो. चिमट्याची टोकं कातडीला टेकवून, जिथे तोंड आत शिरलंय तिथेच धरायचं. मग सरळ वर, एकसारख्या ताणाने ओढायचं. हिसका नाही, पिळणं नाही. कातडी तंबूसारखी उचलली जाते. तीन-चार सेकंद तसंच धरून ठेवलं की गोचीड स्वतःहून सुटल्यासारखा येतो. टोकाला कातडीचा पांढुरका कण लागून आला तर समजावं की तोंड पूर्ण निघालं. गोचीड लगेच स्पिरिटमध्ये, जागेवर आयोडीन. (गोचीड पिळून काढायचा हुक बाजारात मिळतो, त्याची रीत वेगळी, ती चिमट्याला लावू नये.) तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने कोरत बसू नये. तिथे छोटी गाठ येते आणि काही दिवसांत शरीर ती बाहेर टाकतं. गाठ वाढली, पू झाला, तरच दाखवायचं.

रॉकेल, पेटती काडी, मीठ, व्हॅसलिन, तंबाखूचं पाणी हे सगळे सल्ले मला मिळाले. गोचीड गुदमरून चटकन सुटत नाही. उलट डिवचला गेला की लाळ आणि पोटातलं रक्त जखमेत ओकू शकतो, आणि जंतू नेमके त्यातच असतात. रॉकेलने कातडी भाजते. तंबाखूतलं निकोटिन कुत्र्याने चाटलं तर विषबाधा होते. नखाने चिरडणं तर नकोच. त्या रक्ताचा आपल्या बोटावरच्या चिरेशी संबंध यायला नको.

शोधायचं कुठे? कानाच्या बाहेरच्या कडेला खिशासारखी एक छोटी दुहेरी घडी असते, ती उलटून बघायची. पायाच्या बोटांमधली कातडी, काख, जांघ, शेपटीची खालची बाजू, पापण्यांची कड, आणि पट्टा काढून मान. पट्टा न काढता तपासलं की निम्मे तिथेच राहतात. कानाच्या नळीत खोलवर असलेल्याला मात्र घरी चिमटा लावू नये. आणि एक नेहमीचा घोळ: पोटावरचं स्तनाग्र किंवा मस सुद्धा ओढलं जातं. टॉर्च मारून पाय दिसले तरच तो गोचीड.

तीस-चाळीसच्या वर असतील तर हाताने काढत बसण्यात अर्थ नाही. कुत्रा वैतागतो, चावायला लागतो, आणि खसखशीएवढी पिल्लं तशीही हाती लागत नाहीत. तिथे औषधच हवं.

इथे मी घोटाळा केला, आणि तो फार लोक करतात. फिप्रोनिल या गोचीडनाशक औषधाचे थेंब लावायचे म्हणून आदल्या संध्याकाळी शाम्पूने स्वच्छ आंघोळ घातली. हे औषध कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं. शाम्पूने ते तेलच धुऊन टाकलं होतं, त्यामुळे औषध खांद्याशीच राहिलं आणि मागच्या पायांवर आठवड्यात नवे गोचीड. आंघोळ आणि थेंब यांत आधी-नंतर किमान दोन-दोन दिवस हवेत. 20 ते 40 किलोच्या कुत्र्याला 2.68 मिलीची पिपेट, 10 ते 20 किलोला 1.34 मिलीची. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, केस फाकवून थेट कातडीवर. केसांवर पडलेलं औषध वायाच जातं. शिवाय फिप्रोनिलला आणि पायरेथ्रॉइड (पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या) औषधांना दाद न देणारे गोचीड आता सापडतात. वेळेवर, नीट लावूनही फरक पडत नसेल तर मात्रा वाढवायची नाही, औषध बदलायचं.

डॉक्टरांनी मग पोटात द्यायची गोळी दिली. गोचीड मारणाऱ्या गोळ्यांच्या या गटात अफोक्सोलनर महिन्याने, सॅरोलनर पस्तीस दिवसांनी आणि फ्लुरालनर साधारण बारा आठवड्यांनी देतात, पण तपकिरी गोचिडावर फ्लुरालनरचा भरवसा आठ आठवड्यांचाच धरतात. गोळी अन्नाबरोबर द्यायची. उपाशीपोटी फ्लुरालनर नीट शोषलं जात नाही. आणि गोळी गोचिडाला अंगावर बसण्यापासून अडवत नाही. त्याने चावलं, रक्त ओढलं, की मगच तो मरतो. त्यामुळे गोळीनंतर दोन दिवस अंगावर गोचीड दिसले तर औषध नकली आहे असं समजून दुसरं काही फवारू नये. तिसऱ्या दिवशी आमच्या अंथरुणावर सुकलेले, चपटे गोचीड झाडूने गोळा केले. कुत्र्याला पूर्वी आकडी, फेफरं आलं असेल तर ही गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं.

अमिट्राझ हे अंगाला लावायचं औषध स्वस्त आहे आणि गावोगावी मिळतं, म्हणून त्याचंही लिहितो. 12.5 टक्क्यांचं द्रावण असेल तर एक लिटर पाण्यात 2 मिली. अंदाजाने बाटलीचं झाकणभर ओतणं म्हणजे मात्रा दुप्पट-तिप्पट. द्रावण ताजं करायचं, हातमोजे घालून स्पंजाने लावायचं, धुवायचं नाही, आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू द्यायचं नाही. लावल्यावर तो सुस्त पडला, अंग गार लागलं, नाडी मंदावली तर तो ‘शांत झाला’ नाही. ती विषबाधा आहे; ताबडतोब दवाखाना. लहान पिल्लू, मधुमेही कुत्रा आणि मांजर यांना अमिट्राझ नाही. मांजराला कुत्र्याचं पर्मेथ्रिनही नाही. त्याने मांजर मरू शकतं.

आता घर. खरी मेहनत इथे आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात, मग कडक उन्हात. दर आठवड्याला, तीन महिने. नुसतं थंड पाण्याच्या मशीनमध्ये फिरवून गोचीड मरत नाहीत. व्हॅक्यूमची नळी चौकटीच्या खाचेतून, सोफ्याखालून, पडद्याच्या वरच्या घडीतून फिरवायची. गोचिडाचा कल वर चढण्याचा, म्हणून जमिनीपेक्षा उंचावर जास्त सापडतात. पिशवीतला कचरा लगेच साबणाच्या पाण्यात. ती पिशवी तशीच ठेवली तर तेच गोचीड रात्री बाहेर येतात. फटी मी व्हाइट सिमेंटने आणि चौकटींच्या कडा सिलिकॉनने बुजवल्या. गॅस सिलिंडरच्या मागची दीड फुटाची एक फट राहून गेली होती. दुसऱ्या महिन्यात टॉर्च मारला तर आत तपकिरी, चकचकीत अंड्यांचा पुंजका, साबुदाण्याच्या खिचडीसारखा एकमेकांना चिकटलेला. खिचडी नंतर बरेच दिवस गोड लागली नाही.

फवारणीवाल्याला ‘गोचिडाचं मारा’ एवढं सांगून भागत नाही. औषधाचं नाव विचारावं. आमच्याकडे डेल्टामेथ्रिन होतं, लेबलवरच्या प्रमाणात. फवारा जमिनीवर फिरवून उपयोग नाही. फटीत, चौकटीमागे, छताच्या कोपऱ्यात, अंगणाच्या कुंपणाच्या भिंतीवर हवा. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून एकच फवारणी कधीच पुरत नाही. पंधरा दिवसांच्या अंतराने आम्ही पाच केल्या. औषध वाळेपर्यंत कुत्रा, मुलं बाहेर. माशांची टाकी असेल तर झाकून हवेचा पंप बंद करायचा. पायरेथ्रॉइड माशांना जहर आहे.

एक गोष्ट उलटी वाटते: या काळात कुत्र्याला दुसरीकडे राहायला पाठवायचं नाही. तो औषध घेतलेला असेल तर तोच सापळा. फटीतले भुकेले गोचीड त्याच्यावर चढतात आणि मरतात. कुत्रा दुसरीकडे पाठवला तर ते उपाशी वाट बघत बसतात, आणि कुत्रा परतला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

या सगळ्यात तापाकडे लक्ष ठेवावं लागतं. तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार नेतो. एर्लिकियाचा जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांत कुत्र्यात जाऊ शकतो, म्हणून ‘रोज रात्री काढतोय, मग काही होणार नाही’ हा भरवसा खोटा. लक्षणं चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: खाणं सोडणं, 103 फॅरनहाइटच्या वर ताप, हिरड्या फिकट पडणं, नाकातून रक्त, पोटावर बारीक लाल ठिपके. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसियाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आमच्याकडे पाचव्या आठवड्यात खाणं थांबलं, प्लेटलेट बेचाळीस हजारांवर आल्या. कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असायला हव्यात. तपासणीच्या काचपट्टीसाठी रक्त कानाच्या टोकाच्या बारीक केशवाहिनीतून घेतली तर बबेसिया सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि रक्त औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं. एर्लिकिया निघाला. डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे 10 मिलिग्रॅम या हिशेबाने 28 दिवस. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात. आजार दबून राहतो आणि महिन्यांनी उलटतो. गोळी दुधात देऊ नये, कॅल्शियममुळे शोषण कमी होतं. कोरडी गिळवूही नये, अन्ननलिका भाजते. अन्नात घालून द्यायची, वर थोडं पाणी पाजायचं. बबेसियाला हे औषध पुरत नाही. त्याचे उपचार वेगळे, म्हणून नाव कळल्याशिवाय औषध नाही.

माणसाला हा गोचीड क्वचित चावतो, पण चावतो. भारतात रिकेट्सिया कोनोराय या जंतूचा ताप त्याच्यामुळे होतो. चावल्यानंतर दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडाचा उल्लेख आवर्जून करावा, कारण तो केला नाही तर तपासण्या डेंगी-मलेरियाच्याच होत राहतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत जो माकडताप होतो तो वेगळा. तो जंगलातल्या हिमाफिसॅलिस गोचिडामुळे येतो, घरातल्या कुत्र्याच्या गोचिडामुळे नाही. तिथे काजूच्या बागेत किंवा सरपणाला जाताना पँट मोज्यात खोचायची, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्याच्या मागची घडी बोटांनी चाचपायची.

आमच्याकडे भिंतीवरचा शेवटचा गोचीड अकराव्या आठवड्यात दिसला. गोळी चालूच आहे, पुढची तारीख फ्रिजवर लिहिलेली. फिरून आल्यावर दारातच, पायपुसण्यावर, दोन मिनिटं बोटांच्या फटी आणि कानाची ती घडी बघतो. पट्टा काढून.