कांटचा 'नरो वा कुंजरो वा'

मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दाराशी येऊन 'तो आत आहे का' असे विचारतो आणि उत्तर टाळण्याची सोय नाही, अशा वेळीही खोटे बोलू नये, हे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचे १७९७ च्या निबंधातले मत कर्तव्यवादी, म्हणजे परिणाम न पाहता कर्तव्य पाळायला सांगणाऱ्या, नीतिशास्त्राचा विषय निघाला की हमखास पुढे येते. ज्याला सत्य ऐकण्याचा हक्क आहे त्याच्यापुरतेच सत्य बोलण्याचे कर्तव्य असते, या फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंटच्या म्हणण्याला ते उत्तर होते. खोट्याने केवळ तो खुनी फसत नाही, तर ज्या शब्दावर सगळे करारमदार उभे असतात त्याचाच भरवसा जातो, हा कांटचा मुख्य मुद्दा. शिवाय, तुम्ही 'नाही' म्हणालात आणि तुमच्या नकळत बाहेर पडलेला मित्र त्या खोट्यामुळेच रस्त्यात खुन्याच्या हाती सापडला, तर दोष तुमच्यावर येतो. हे दुसरे मला लंगडे वाटते. परिणाम मोजू नका म्हणणाऱ्याने परिणामांचीच भीती घालावी हे काही बरे दिसत नाही.

मला अधिक अडवते ती कांटची स्वतःची गोष्ट. त्याच्या धर्मविषयक लेखनावर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक विल्यमची खप्पामर्जी झाली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात ताकीद आली, तेव्हा सत्तरीच्या कांटने 'महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन या नात्याने' धर्मावर बोलणार वा लिहिणार नाही, असे लिहून दिले. राजा १७९७ मध्येच वारला. पुढच्या वर्षी कांटने या विषयावर पुन्हा लिहिले आणि प्रस्तावनेत सांगून टाकले की ते शब्द आपण विचारपूर्वक घातले होते, कारण वचन त्या राजाच्या हयातीपुरतेच होते.

त्यात एक अक्षरही असत्य नाही. तरीही धर्मराजाचा 'कुंजर' जसा द्रोणाचार्यांच्या कानी पोचला नाही, तसा हा 'प्रजाजन' दरबारी मायन्यात बुडून गेला. महाभारताने धर्मराजाची गय केली नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ तेव्हा खाली टेकला. कांटचा हिशेब निराळा: बोलू ते खरेच असावे, पण सगळे खरे बोलण्याचे बंधन नाही. मात्र खोटे वर्ज्य असण्याचे कारण ऐकणाऱ्याच्या विवेकाचा मान राखणे हे असेल, तर खऱ्या शब्दांनी चकवलेल्या राजाचा मान तरी कुठे राहिला? इथे पळवाट चालत असेल, तर मित्राला लपवणाऱ्याला ती नाकारता येत नाही. त्याच्यापाशी उणे असते ते एवढेच, की असे वाक्य जुळवायला त्याला सवड मिळत नाही.