आज दिवसभर बिल ब्रुफर्ड

सुट्टी होती, कपाट आवरता आवरता दिवसभर हा इंग्लिश ड्रमर ब्रुफर्डच लावून ठेवला. काय माणूस आहे राव! १९७२, 'क्लोज टू द एज' अल्बम रेकॉर्ड झालेला, येस बँड ऐन जोरात आणि हा पठ्ठ्या उठून सरळ किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये! त्याचा स्नेअर (सेटमधला टणक आवाजाचा ड्रम) लांबूनही ओळखू येतो, काठी कातडं आणि रिमवर (कडेच्या कड्यावर) एकदमच पडते म्हणून असा टण्णकन वाजतो. पुढे सिमन्सचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम काय, त्याच्या अर्थवर्क्स बँडमधलं जॅझ काय... २००९ ला स्टेजवरून रिटायर, २०१६ ला सरे युनिव्हर्सिटीची पीएचडी, तीही ड्रमिंगवरच (हौस बघा), आणि आता सत्तरी उलटल्यावर गडी परत जॅझ ट्रिओत वाजवतोय. किंग क्रिमसनचा 'रेड' अल्बम मात्र हेडफोनवरच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर पार वाट लागते त्याची.