गुलाबी फेस

ऑक्टोबर ते मे हा मालवण-तारकर्लीकडे स्कूबाचा मोसम, आणि माझ्यासारख्या इथल्या फिजिशियनकडे कानांचा. दडे बसलेले, पडदा लाल झालेला, क्वचित फाटलेला. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, पण कान पहिल्या दोन-तीन मीटरांतच बोंब मारतो. नाक दाबून हळूच फुंकायचं असतं, ते गडबडीत राहून जातं.

डिसेंबरातल्या त्या दुपारी आलेल्या गृहस्थांचे कान ठणठणीत होते. वय पंचावन्नच्या आसपास, पुण्याचे, बँकेत अधिकारी. होडीवरच्या पोरांनी उचलूनच आणलं. "ह्यांच्या छातीत पाणी गेला हा, डॉक्टरांनू." येताना त्यांना आडवं करून पोटही दाबून झालं होतं. पोट कधी दाबू नये, पोटातलं श्वासनलिकेत जातं. पण हा उपाय गावोगावी इतका मुरलाय की सांगून थकलो. गृहस्थ आडवे राहायला तयारच नव्हते. आमच्या सिस्टरनी झोपवलं की ते कोपरांवर रेटून उठत होते. खोकल्याबरोबर ट्रेमध्ये फेस पडला, फिकट गुलाबी.

ऑक्सिजन ८२ टक्के, रक्तदाब १९०/११०. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर दोन्हीकडे अर्ध्यापर्यंत पाणी बुडबुडल्यासारखा आवाज.

डायव्हिंगनंतर धाप म्हटलं की सगळ्यांना आधी खोलातून वर येताना रक्तात होणारे नायट्रोजनचे बुडबुडे आठवतात. पण सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटांत तेवढा नायट्रोजन अंगात मुरत नाही. मला भीती होती ती फुप्फुस फाटण्याची. घाबरून श्वास रोखून वर आलं तर आतली हवा फुगते, आणि त्याला दीड मीटर पाणीही पुरतं. म्हणून गळ्याखाली बोटांनी दाबून पाहिलं; कातडीखाली हवा शिरली असेल तर पापडासारखं चुरचुरतं. काही नव्हतं. हातापायांत ताकद सारखी, बोलणं स्पष्ट. ईसीजीत हार्ट अटॅकची खूण नाही. राहिलं नाकातोंडात पाणी जाणं. "ठसका लागला होता का?" मास्कमधूनच त्यांनी मान हलवली: नाही, धाप खालीच लागली.

तिथे निदान जवळजवळ झालं. फुप्फुसातलं पाणी समुद्राचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पायांत साठणारं रक्त छातीकडे ढकललं जातं, जवळजवळ अर्धा-पाऊण लिटर. शरीराला वाटतं रक्त जास्त झालं, म्हणून मूत्रपिंडं कामाला लागतात. डायव्हरला पाण्यात लघवी लागते ती यामुळे. त्यातच गारव्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. आपलं पाणी गार कुठलं, असं लोक म्हणतात, पण पाणी हवेपेक्षा वीसेक पट वेगाने उष्णता ओढून घेतं. वर घट्ट वेटसूट. आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा देणाऱ्या तोंडातल्या नळीतून, श्वास ओढताना छातीत थोडं शोषण तयार होतं. निरोगी हृदय हे सगळं निभावतं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ताठरलेलं हृदय कधीकधी निभावत नाही. मागे दाब तुंबतो आणि केशवाहिन्यांतून द्रव फुप्फुसात झिरपतो. बुडालेल्या शरीरात होणारा हा पल्मनरी एडिमा कमी खोलीतही होतो, नुसतं पोहतानाही होतो. आडवं झोपवलं की वाढतो.

बसतं केलं, मास्कने भरपूर ऑक्सिजन, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या लॅसिक्सचं इंजेक्शन, रक्तदाब उतरवायला नायट्रोग्लिसरीन. तासाभरात ते पूर्ण वाक्य बोलायला लागले. पहिलं वाक्य व्हिडिओच्या पैशांबद्दल होतं.

तो व्हिडिओ त्यांच्या मुलाने मला दाखवला. सुरुवातीला मासे, दगड, हात हलवणं. मग ते अंगठा वर करतात. डायव्हिंगमध्ये या खुणेचा अर्थ 'वर चला'. पर्यटक मात्र 'मस्त' म्हणून दिवसभर तीच करत असतात. इन्स्ट्रक्टर त्यांना कॅमेऱ्याकडे वळवतो. पुन्हा अंगठा, मग हात छातीवर. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं. पोराला दोष देववत नाही.

बाहेर नातेवाईकांनी फोनवर डीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचाराची दाबाची खोली, शोधून ठेवला होता. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तो आहे, आणि चिपीहून विमानाने न्यायचं घाटत होतं. मी साफ नाही म्हटलं. चेंबरचा इथे उपयोग नव्हता, आणि विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब दोन-सव्वादोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. ऑक्सिजनसाठी झगडणाऱ्या फुप्फुसाला तिथे कशाला न्यायचं? मेहुणे नाराज झाले.

डायव्हिंगआधी भरून घेतलेला तब्येतीचा फॉर्म नंतर पाहिला. 'उच्च रक्तदाब' समोर 'नाही'. "अहो, गोळीने नॉर्मल असतो ना," गृहस्थ म्हणाले. सकाळची गोळीही 'पोहायचंय, चक्कर नको' म्हणून टाळलेली, वर लिटरभर पाणी पिऊन गेलेले. होडी सुटायच्या घाईत, वाळूत रुतलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भरलेल्या फॉर्मकडून दुसरी अपेक्षाही नाही. 'रोज कुठली गोळी घेता?' एवढं एक विचारलं तरी निम्मं काम होईल.

तिसऱ्या दिवशी एक्स-रे स्वच्छ. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा जाड झालेला, म्हणजे रक्तदाब वाटला त्यापेक्षा जुना. डायव्हिंग बंद, हे त्यांनी लगेच मान्य केलं. हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून हृदयतज्ज्ञाने पाहीपर्यंत पुण्यातल्या तलावातलं पहाटेचं पोहणंही बंद म्हटलं, तेव्हा चेहरा उतरला. "पोहणं मीच सुरू करायला लावलं होतं," बायको म्हणाली, "बीपीसाठी."